पाहुण्या पेशी

संध्याकाळी अंजना प्रयोगशाळेतून घरी आली की तिचा तान्हा जपू तिला बघून हसायचा. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र ओढायचा, गालावर नाक घासायचा. आणि एवढं झालं की, पाहुणीचं स्वागत उरकल्यासारखा मान वळवून रायलीला शोधायचा.

रायली म्हणजे अंजनाची थोरली जाऊ. अंजना तिला जिजी म्हणे. अंजनाचा नवरा दिलवर आणि त्याचा थोरला भाऊ, धडगावकडच्या एका पाड्यावरून आलेल्या या दोघा भावांची बिऱ्हाडं नाशिकजवळ आडगावात एकाच ओट्यावर होती, मधे नुसती भिंत. घरात बोलणं पावरीत, म्हणजे पाड्याच्या बोलीत, भांडणंही पावरीत. मराठी बाहेरच्यांसाठी ठेवलेली.

"आला माझा वाघ," रायली म्हणायची, आणि बसल्या जागी त्याला पदराखाली घ्यायची. तिची मोगरा जपूपेक्षा सात-आठ महिन्यांनी मोठी. एका मांडीवर मोगरा, दुसऱ्या मांडीवर जपू, आणि रायली मधे बसून शेजारणीशी गप्पा मारतेय, हे दृश्य अंजनाला रोज दारातूनच दिसे. चपला काढेपर्यंत ती ते बघे. चपला काढायला तिला हल्ली फार वेळ लागे.

जपू अंजनाकडे पीत नव्हता असं नाही. रात्री प्यायचा. पण एसटी स्टँडवरचा चहा घ्यावा तसा, मिळाला म्हणून.

याला दोष कुणाला द्यायचा? जपूच्या जन्माच्या वेळी अंजनाचं फार रक्त गेलं आणि तिला काही आठवडे दवाखान्यातच राहावं लागलं. पाड्यावर अशा वेळी कुणी कुणाला विचारत नाही. जिच्या अंगावर दूध, तिच्या मांडीवर मूल. अंजना स्वतः दोन महिने काकीच्या दुधावर होती, आणि वसतिगृहात मैत्रिणींना ती हे मोठ्या अभिमानानं सांगायची. मूल आपलं नसतं तेव्हा ही चाल किती सुंदर वाटते. पुढे अंजना संशोधनाला परतली, रायली घरी होतीच, आणि दिवसाचं दूध रायलीचं, रात्रीचं अंजनाचं, अशी वाटणी कुणी न ठरवता ठरून गेली. दिवस मोठा होता.

*

जपूला सिकलसेल होता.

हे जन्मल्या आठवड्यातच कळलं होतं. अंजना आणि दिलवर दोघंही वाहक. लग्नाआधी त्यांनी पत्रिका नाही, सिकलसेलची कार्डं शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती. कार्डं जुळली नव्हती. तरी केलं. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं की मूल आजारी; चारांत एक, एवढी शक्यता. "तीन तर आपल्या बाजूनं आहेत ना," दिलवर तेव्हा म्हणाला होता.

या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. गोल पेशी केसाहून बारीक नळीतूनही अंग चोरून निघून जाते. विळा अडकतो. मग त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि पुढच्या भागाला रक्तच पोचत नाही. हाडं ठणकतात. लहान मुलांची बोटं सुजतात. पहिले काही महिने पोटातून आणलेलं गर्भाचं रक्त बाळाला राखतं, ते संपलं की आजार तोंड वर काढतो. पण पाड्यापाड्यांवर अशी काही बाळं सापडत होती की ज्यांचं ते राखण संपूनही त्यांना काही होत नव्हतं. का होत नव्हतं, हाच अंजनाच्या पीएचडीचा विषय.

तिच्या हाताशी एक यंत्र होतं. त्याचं खरं नाव लांबलचक, प्रयोगशाळेत सगळे त्याला चाळण म्हणत. दिसायला मिक्सरच्या भांड्याएवढं. बोटाच्या टोकाचा एक थेंब घातला की चाळण त्यातली पेशी न् पेशी रांगेत उभी करी, एकेकीला प्रकाशाच्या बारीक झोतापुढून नेई आणि विचारी, तू इथलीच का? लाल पेशींना जनुकं नसतात, त्यांच्या अंगावरच्या खुणा वाचायच्या. पांढऱ्यांची जनुकंच वाचायची. ज्या इथल्या नसत त्या वेगळ्या निघत. त्यांना अंजना पाहुण्या पेशी म्हणे, आणि मग सगळे तेच म्हणू लागले.

पाहुण्या येतात कुठून? पोटात असताना आईच्या काही पेशी बाळात उतरतात. आणि दुधातून. दूध म्हणजे नुसतं पोषण नाही, त्यात जिवंत पेशी असतात, त्यातल्या थोड्या मूळपेशी, ज्यांना अजून काहीही होता येतं. तान्ह्या बाळाच्या शरीरात पहिले काही आठवडे ओळखपरेड चालू असते, घरचं कोण, बाहेरचं कोण. त्या दिवसांत जी आत आली ती घरची धरली जाते, पुढे तिला कुणी हुसकत नाही. तिला हाडांतल्या मगजात जागा मिळाली तर ती तिथं बसते आणि रक्त बनवू लागते. तिचं स्वतःचं जनुक चांगलं असेल, तर तिनं बनवलेल्या लाल पेशी गोल.

चाळणीनं तपासलेल्या बाळांपैकी एकाच्या रक्तात, दर सात लाल पेशींत एक गोल होती. एवढी कुणाच्याच रक्तात नव्हती. ते बाळ होतं जपू.

त्या संध्याकाळी अंजनानं जिलबी आणली. दिलवरला म्हणाली, "माझ्या पेशी आहेत त्याच्या आत. लढतायत."

"तू घरी नसलीस तरी?"

"नसले तरी."

ती रात्र तिच्या आयुष्यातली फार चांगली रात्र होती. जपू नेहमीसारखाच अर्धवट झोपेत पीत होता, आणि तिला वाटत होतं, पी, तुला माहीत नाही तू काय पितोयस.

सकाळी पाहुण्यांच्या पांढऱ्या पेशींची जनुकं वाचून झाली. अंजना वाहक. तिच्या कुठल्याही पेशीत एक बिघडलेलं जनुक असायलाच हवं होतं. या पाहुणीत ते नव्हतं. दोन्ही जनुकं स्वच्छ होती.

स्वच्छ कार्ड घरात एकाच बाईचं होतं. तरी तिनं खात्री करून घेतली. रायलीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवताना तिचा हात थोडा जास्तच जोरात फिरला.

"अगं, तोंड आहे ते, तपेलं नाही," रायली म्हणाली.

*

जपूच्या आत रायली होती. म्हणजे शब्दशः होती, त्याच्या हाडांत बसून त्याचं रक्त बनवत होती. आणि आई, जिनं नऊ महिने पोटात वागवला, ती त्याच्या रक्तात चाळणीला सापडेल इतकीही नव्हती. अंजनानं दोनदा चाळून पाहिलं होतं.

मग तिनं एक विचार केला, आणि तो विचार शास्त्रीय आहे असं स्वतःला पटवलं. बसलेल्या पेशी बसल्या. मगजात घर केलेली पेशी काही परत जात नाही. म्हणजे आता दुधाचं काम संपलं.

"जिजी," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता जपूला दोन बायांचं दूध नको. बाधतं."

"कोण डॉक्टर? तूच ना ती?"

"मी अजून व्हायचीय. मोठे डॉक्टर म्हणाले."

रायलीनं तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग उठली, ओट्याखालच्या झाडाचा कडुनिंब ओरबाडला, पाट्यावर वाटला, आणि अंजनासमोरच अंगाला फासला. जपूनं तोंड लावलं, तोंड वाकडं केलं, आणि आईकडे बघून असा ओरडला की जणू तिनंच वाटला होता.

"झालं?" रायली म्हणाली. "सांग तुझ्या मोठ्या डॉक्टरला."

पुढच्या महिन्याच्या थेंबात गोल पेशी नवात एक निघाली. त्याच्या पुढच्या महिन्यात, बारात एक.

म्हणजे विचार चुकला होता. मगजात बसलेल्या पेशी अजून पुरत्या रुजल्या नव्हत्या, त्यांना मागून कुमक लागत होती. ती कुमक अंजनानं तोडली होती. दुसरी कुणी हे पाहिलं असतं तर त्याच दिवशी धावत घरी गेली असती. अंजनाही निघाली होती, बसस्टॉपपर्यंत. तिथं उभं राहून तिनं वाक्य जुळवून पाहिलं. जिजी, तू पाज. जिजी, तुझ्याशिवाय होत नाही. बस आली, ती चढली, आणि घरी येईपर्यंत वाक्य बदललं होतं: दोन बिंदूंवरून काही ठरत नाही. आलेखाला आणखी एक बिंदू हवा.

त्याच आठवड्यात एका सकाळी जपूची बोटं सुजलेली दिसली. चार बोटं, लहान केळ्यांसारखी.

"सुरू झालं का गं?" दिलवरनं विचारलं.

"थंडी असेल," अंजना म्हणाली. तिनं औषध दिलं, पाणी पाजलं, मुठी आपल्या तळहातांत धरून बसली. दुपारी तिला जावंच लागलं. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. पण रायली त्या तीन दिवसांत तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, जी अंजनानं दिलवरलाही सांगितली नव्हती. पुढच्या महिन्यात परिषद होती. तिथं ज्याचं काम सरस ठरे त्याला हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं मिळत. अंजनानं त्या दोन वर्षांचं चित्र मनात केव्हाच रंगवून ठेवलं होतं. एक खोली, एक पाळणाघर, ती आणि जपू. दिलवर सुट्टीला यायचा. चित्रात ओटा नव्हता.

*

परिषद अमरावतीला होती. आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या, जैववैद्यक संशोधन करणाऱ्या मुलामुलींची. पाड्यावरची, तांड्यावरची, पारध्यांच्या बेड्यावरची पोरं वर्षभर आपापल्या प्रयोगशाळेत एकेकटी असत, आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो तो बघत. इथं तीन दिवस ती दोनशेजण होत. इथं जेवताना कुणी कुणाला, तुम्ही कुठल्या कोट्यातून, असं विचारत नसे. विचारलं तर, "तुमच्याच," असं उत्तर मिळे आणि टेबल हसे.

परिषदेची एक रीत होती, घरची फेरी. प्रत्येक विद्यार्थ्यानं घरचं एक माणूस सोबत आणायचं आणि आपलं काम सगळ्यात आधी त्याला समजावून सांगायचं, घरच्या भाषेत. तोवर परीक्षकांनी गप्प उभं राहायचं. आणि एक मोजमाप तिथंच, सगळ्यांदेखत करून दाखवायचं. पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं होतं, ही पोरं कशाला करतायत, यांच्या मॅडमनीच केलं असेल. तेव्हापासून हा तिथल्या तिथं मोजायचा ताजा बिंदू आला.

अंजनासोबत दिलवर यायचा होता, पण तो शिकवायचा त्या आयटीआयच्या परीक्षा निघाल्या. "मी येते," रायली म्हणाली. "पोराला सांभाळायला कुणी हवंच. आणि मला बघायचंय तू दिवसभर काय करतेस ते." मोगराला तिनं सासूकडे ठेवलं.

पहिल्याच दिवशी रायली परिषदेत अशी मिसळली की जणू तिचंच निमंत्रण होतं. यवतमाळकडच्या एका कोलाम म्हाताऱ्याबरोबर तिनं मोहाच्या फुलांवर गप्पा हाणल्या, दोघांनाही एकमेकांची भाषा येत नसताना. स्वयंसेवकांकडून तिनं तीन बिल्ले मिळवले, एक स्वतःला, एक जपूला, एक मोगराला न्यायला. येणारा जाणारा जपूला बघून म्हणे, "गोड आहे हो तुमचा मुलगा," आणि रायली म्हणे, "आहेच." अंजना शेजारी उभी असे, गळ्यात तिचं ओळखपत्र, त्यावर तिचं नाव, तिचा विषय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पोस्टरची पाळी आली. समोर कुमरे मॅडम, ज्यांनी ही परिषद सुरू केली, दोन परीक्षक, आणि वीस-पंचवीस जण. पोस्टरवर एकच मोठा आलेख: वर चढत गेलेली रेघ, मग उतार. उताराच्या आधी एक बाण, त्यावर लिहिलेलं, 'दूध बंद.' कुणाचं दूध, ते लिहिलेलं नव्हतं. 'स्तनदा क्रमांक एक', एवढंच.

अंजनानं जपूच्या बोटाला टोचलं. त्यानं ओठ काढला, पण रायलीनं त्याच्या कानात काहीतरी पुटपुटल्यावर तो गप्प झाला. थेंब चाळणीत गेला. अंजनाला उत्तर माहीत होतं. चौदात एक, फार तर पंधरात. मग ती बोलणार होती: पाहुण्या पेशी दुधाअभावी ओसरतात, हा माझा निष्कर्ष. आणि परिषद संपली की, परत गेल्यावर, ती जिजीला सांगणार होती. नक्की सांगणार होती. हैदराबादचं काय होतं ते कळल्यावर.

पडद्यावर आकडा आला. आठात एक.

अंजनानं चाळण पुसून पुन्हा लावली. दुसऱ्या थेंबानंही तेच सांगितलं. रेघ उतारावरून वळून वर चढली होती.

"वर गेलाय," कुमरे मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले. "का वर गेला? नाही, आम्हाला नको सांगूस. आधी घरच्या माणसाला. रीत ती रीत."

अंजना रायलीकडे वळली. रायली छताकडे बघत होती.

"जिजी," अंजना पावरीत म्हणाली, "तू त्याला पाजतेस."

"पंखे केवढाले आहेत गं इथले."

"जिजी."

"कोण म्हणतं?"

"हे यंत्र म्हणतं."

"यंत्राला काय, काहीही बोलेल."

"काहीही बोलत नाही ते. कधीपासून?"

रायलीनं जपूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "बोटं सुजली त्या दिवसापासून. रडत होता. तू गेलीस तुझ्या कामाला. मी काय करायचं, पोस्टर दाखवायचं त्याला?"

"आणि कडुनिंब?"

"धुवायचे. तुझी यायची वेळ झाली की परत फासायचे. मोगरानं एकदा तसंच तोंड लावलं आणि माझ्यावर थुंकली."

पोस्टरभोवतीचे लोक शांतपणे ऐकत होते. त्यातल्या कुणालाच पावरी येत नव्हती. एक परीक्षक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "किती समरसून समजावतेय बघा."

"मी नको म्हटलं होतं," अंजना म्हणाली.

"तू नाही. डॉक्टर नको म्हणाले, असं म्हणालीस."

"डॉक्टर कुणी नव्हते."

"ते मला तेव्हाच कळलं. खोटं बोलताना तू ओढणीचं टोक दुमडतेस. आताही दुमडलंयस."

अंजनानं टोक सोडलं. "मग भांडली का नाहीस?"

"पोर तुझं. भांडले असते तर तू घेऊन गेली असतीस. चोरून निदान मिळत होतं."

अंजनाला या बाईचा इतका राग आला की कानशिलं तापली. आपल्या पाठीमागे, आपल्या घरात, आपलं मूल. आणि त्याच क्षणी तिला कळत होतं की ही चोरी झाली नसती तर पडद्यावर दुसरा आकडा असता, आणि तो आकडा तिनं इथं उभं राहून लोकांना समजावून सांगितला असता, निष्कर्ष म्हणून.

"सांग ना," रायली म्हणाली, "लोक बघतायत. काय आहे यात?"

मग अंजनानं सांगितलं. सरळ, चित्रावर बोट ठेवून, लपवायला आता काही उरलं नव्हतं. ह्या वाकड्या पेशी जपूच्या. ह्या गोल, त्या त्याच्या नाहीत. त्या दुधातून आल्या. त्या आहेत म्हणून तो असा हसतोय.

"कुणाच्या दुधातून?"

"तुझ्या."

रायलीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. "म्हणजे मी आहे त्याच्यात?"

"आठात एक."

"आणि तू?"

"मोजलं मी. सापडण्याइतकी नाही."

रायलीचा चेहरा असा उजळला की मागच्या रांगेतला कोलाम म्हातारा, काही न कळताच, हसला. तिनं जपूच्या पोटात नाक खुपसलं. "ऐकलंस का रे वाघा? मी आहे तुझ्यात." अंजनाला वाटलं, आता हे हिनं आयुष्यभर सांगायचं. ओट्यावर, हळदीत, पाण्याच्या टाकीपाशी. आणि मी ऐकायचं.

"आणि उलटं?" रायलीनं मान वर केली. "मी त्याच्यात गेले. तो माझ्यात किती आला?"

हे अंजनाला टाळता आलं असतं. पोस्टरवर त्याबद्दल काही नव्हतं.

"दूध पाजताना मुलाकडून काही येत नाही," ती म्हणाली. "पोटात असताना येतं. मूल आईच्या पोटात असतं तेव्हा त्याच्या पेशी आईत शिरतात आणि तिथंच राहतात. आई म्हातारी झाली तरी असतात. काळजात, मेंदूत, कुठंही."

"म्हणजे जपू..."

"माझ्यात आहे."

रायली सावकाश, हिशोब पक्का करत असल्यासारखी म्हणाली, "म्हणजे मी त्याच्यात, आणि तो तुझ्यात."

"हो."

"माझ्यात नाही."

"तुझ्यात मोगरा आहे."

"ती आहेच गं," रायली म्हणाली, आणि तिचा चेहरा हळूहळू विझत गेला. अंजना तो विझताना बघत होती. तिला आनंद झाला. लहानसा, कोता, गुळाच्या खड्याएवढा आनंद, पण गेल्या कित्येक महिन्यांत एवढं गोड काही तिच्या जिभेवर आलं नव्हतं. त्याची तिला लाज वाटली, आणि तरी तिनं तो चघळला.

"झालं समजावून?" कुमरे मॅडमनी विचारलं. "आता आम्हाला सांग."

अंजना मराठीत बोलू लागली. पाहुण्या पेशी एकदा येऊन भागत नाही. त्या रुजेपर्यंत मागून येत राहाव्या लागतात, बहुधा मूल दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत. दूध तुटलं की ओसरतात, पुन्हा सुरू झालं की वाढतात, हे या एका बाळात आज तुमच्यासमोर दिसलं. आई स्वतः वाहक असेल तर तिच्यापेक्षा स्वच्छ जनुकाच्या बाईचं दूध जास्त उपयोगी पडेल. आमच्या पाड्यांवर बाया एकमेकींची मुलं पाजतात. कुठली बाळं सुखरूप राहतात याचा शोध कदाचित तिथून घ्यायला हवा.

मग दुसरा परीक्षक, जाड भिंगांचा, पुढे झाला. "सुरेख. म्हणजे तुम्ही दूध मुद्दाम थांबवून पाहिलंत, आणि परत सुरू केलंत? प्रयोगाची रचना म्हणून?"

वाट सरळ होती. त्यानंच उघडून दिलेली. एक 'हो' म्हटलं असतं तर तो हिशोबी डोक्याचा पुरावा झाला असता, आणि एक खोली, एक पाळणाघर. अंजनाचा हात ओढणीकडे गेला, तिथं थांबला.

"नाही, सर," ती म्हणाली. "थांबवलं ते मला बघवत नव्हतं म्हणून. तो हिच्याकडे पितो ते. पेशी कमी होतायत हे दिसल्यावरही मी थांबवलेलंच ठेवलं. परत सुरू केलं ते हिनं, मला न सांगता."

कुमरे मॅडमनी पोस्टरवरच्या 'दूध बंद'च्या बाणावर बोट ठेवलं. "हे पोस्टरवर कसं लिहिणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, मॅडम."

"लिही मात्र." आणि त्या पुढच्या पोस्टरकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून हैदराबादचं काही कळलं नाही.

"काय विचारलं त्यानं?" रायली म्हणाली. "तू एवढी पांढरी का पडलीस?"

"काही नाही. जिजी, मला हैदराबादला जायला मिळालं तर, आणि बहुतेक नाहीच मिळणार, पण मिळालं तर, तू येशील?"

"मी? कशाला?"

अंजनानं बसस्टॉपवरचं वाक्य शोधलं. ते तिथंच होतं, इतके दिवस. "तुझ्याशिवाय होत नाही."

रायलीनं ते लगेच उचललं नाही. तिनं जपूचं टोपडं सरळ केलं, त्याच्या बोटावरचा रक्ताचा ठिपका पदरानं पुसला. "तिकडे भाकरी मिळते का?"

"आपण करू."

"मोगराही येईल."

"येईल."

"आणि कडुनिंब नाही वाटायचा मी परत. हाताला वास राहतो."

तेवढ्यात जपू कुरकुरू लागला. भुकेचं कुरकुरणं, ते दोघींनाही कळलं, दोघींचेही हात एकदम पुढे झाले. पोस्टरमागे एक बाक होता. अंजनानं रायलीला तिथं बसवलं, स्वतःची ओढणी काढून तिच्या खांद्यावरून सोडली आणि शेजारी बसली.

"तू जा ना तिकडे," रायली म्हणाली. "तुला बघवत नाही ना? मघाशी त्यांना सांगितलंस ते ऐकलं मी."

"नाही बघवत."

"मग?"

"बसते."

जपू पिऊ लागला, डोळे मिटून, मनापासून, एसटी स्टँडचा चहा हा नव्हेच. अंजनाच्या छातीत ते नेहमीसारखंच जळत गेलं, तिचं स्वतःचं दूध भरून येऊन कुर्त्याला ओल आली, आणि तिनं मान वळवली नाही. रायलीचं दूध प्रत्येक घुटक्याला कुठं जातंय हे जगात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आतड्यातून रक्तात, रक्तातून हाडांत. जा, ती मनात त्या पेशींना म्हणाली, कुठूनही या, पण जा.

पिता पिता जपूनं अंग ताणलं आणि एक पाय लांब करून अंजनाच्या मांडीवर टाकला. तसाच ठेवला. रायलीचं लक्ष गेलं.

"पाय कशाला तुझ्याकडे टाकलाय त्यानं?" ती म्हणाली.

अंजनाच्या मांडीला मुंग्या येऊ लागल्या होत्या, तरी ती हलली नाही.